सदाशिवरावाची अर्धी झडती

पोळा आठ दिवसांवर आला आणि इंदुताईला भर शेतात बैलांपुढे आरोळ्या ठोकायची सवय लागली.

पायात चिखल, कमरेला खोचलेला पदर, हातात तण काढायच्या डवऱ्याची मूठ, आणि पुढे कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा ओढत चाललेले ढवळ्या आणि बांड्या. ओळ संपून बैल वळले की ती थांबायची. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोणी नाही ना ते बघायची, छाती भरून घ्यायची आणि ओरडायची, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

'हर बोला'पाशी आवाज चिरकायचा. बांड्या नुसते कान हलवायचा. ढवळ्याने मात्र दोनदा अगदी त्याच वेळी शेपटी वर करून पो टाकला, तेव्हा इंदुताईने त्याच्या ढुंगणावर चापट मारली आणि म्हणाली, "तुले बी नाई आवडलं का रे?"

"त्याले कायले मारतं, बाई? त्यानं खरं तेच सांगतलं!" पलीकडच्या धुऱ्यावरून विमलताईचा आवाज आला. विमलताई शेजारीण. तीन म्हशी, गावभर दुधाचा रतीब, आणि तोंड असं की डफड्याची गरज नाही.

इंदुताई लाजून लाल झाली. बेचाळीस वर्षांची बाई, सतरा वर्षांच्या पोरीची आई, आणि चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

"म्हंजे खरंच तूच म्हणून राह्यली का औंदा?" विमलताईने कमरेवरचं गवताचं ओझं खाली टाकलं.

"मंग कोण म्हणन? घरात दुसरं हाय कोण?"

सायगव्हाण हे गाव दारव्ह्याहून नेरकडे जाताना आत वळावं लागतं असं. बीटीचं बियाणं येऊन चार वर्षं झाली होती, आणि चारही वर्षं कपाशीने गावाला नाचवलं होतं. पाऊस पडला तर बोंडं सडायची, नाही पडला तर पेरणी मोडायची. त्या साली मिरगात पेरलेलं जळालं आणि सगळ्या गावाने दुसऱ्यांदा पेरलं. पूर्वी पोळ्याला सत्तर जोड्या लागायच्या, आता बैल विकले जाऊन बावीस उरल्या होत्या. पण पोळा म्हटला की सायगव्हाणच्या अंगात वारं शिरतं. आंब्याच्या तोरणाखाली जोड्या रांगेने उभ्या राहतात, एकेका घरचा माणूस पुढे येतो आणि झडती म्हणतो. झडती म्हणजे चार ओळींचं जुळवलेलं गाणं, कोणाची तरी टोपी उडवणारं. शेवटी महादेवाचा गजर, त्याला सारं गाव साथ देतं. मग तोरण तुटतं आणि बैल सुटतात.

आणि गावाची एक रीत होती. ज्या घराची झडती लागोपाठ दोन पोळे पडली, म्हणजे म्हणायचीच राहिली, त्या घराची जोडी रांगेच्या शेपटीला जाते. एकदा गेली की परत पुढे येत नाही. इंदुताईच्या बापाची, सदाशिवरावाची जोडी आजोबापासून तिसऱ्या जागेवर उभी राहत आली होती. आणि त्या घरचा एक पोळा गेल्या साली पडला होता.

तो दिवस इंदुताईला अजून विसरता येत नव्हता.

सदाशिवराव म्हणजे झडतीचा बादशहा. वर्षभर तंबाखू मळता मळता त्याच्या डोक्यात झडती शिजत असायची. कोणाचं लग्न मोडो, कोणाची बकरी विहिरीत पडो, सदाशिवराव गालात हसला की माणसं हात जोडायची, "सदूभाऊ, पोळ्याले आपलं नाव नको घेजो." पण नाव आलं नाही तर तीच माणसं आतून खट्टू व्हायची. एकुलती एक पोर म्हणून इंदूला त्याने सासरी धाडलीच नाही. दारव्ह्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणारा डोमाजी घरजावई करून आणला, आणि लोक हसायच्या आत स्वतःच त्यावर झडती म्हणून मोकळा झाला. नात अपेक्षा शाळेतून यायची तेव्हा तो फाट्यावरच्या निंबाखाली जोडी थांबवून बसलेला असायचा. बस अर्धा तास उशिरा येवो की दोन तास. मग पोरीने बैलगाडीत बसून बैलांना धडा वाचून दाखवायचा. "बैलाले समजलं त पेपरात आलंच समज," असं तो म्हणायचा. अपेक्षा दहावीला पहिली आली तेव्हा त्याने पेढा आधी ढवळ्याला चारला.

गेल्या साली आखाडात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. तरी पोळ्याला डाव्या हातात काठी घेऊन तो तोरणाखाली उभा राहिलाच. पाटलाने नाव घेतलं. सदाशिवरावाने तोंड उघडलं. सारं गाव थांबलं होतं. तोंडातून लाळ आली आणि सदऱ्यावर ओघळली, शब्द आला नाही. इंदुताई बायकांत आरतीचं ताट घेऊन उभी होती. दहा पावलांवर. पुढे व्हावं, बापाच्या बाजूला उभं राहावं, काहीही म्हणावं, असं तिला वाटलं आणि तिचे पाय हलले नाहीत. बाई कधी तोरणाखाली गेली नव्हती. पाटील हलकेच म्हणाला, "पुढली जोडी." बापाने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

चैतात तो गेला. तेव्हापासून तिने मनाशी ठरवलं होतं की औंदा ताट दुसऱ्या कोणाच्या हातात राहील.

डोमाजीला विचारून झालं होतं. तो जीप पुसता पुसता म्हणाला होता, "मी जावई. माही झडती माह्या बापाच्या गावात. इथं रक्ताचा आवाज पाह्यजे. तू म्हण. कोणी काही बोललं त मी हाओ मांगं." डोमाजी कमी बोलायचा, पण बोलला की त्यात पाणी नसायचं.

प्रश्न होता म्हणायचं काय. सदाशिवरावाने जन्मात एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं. अपेक्षाने कोरी वही काढली, वर लाल शाईने लिहिलं 'आबाजींच्या झडत्या', आणि मायलेकी गावात फिरू लागल्या. चाळीस वर्षांच्या झडत्या, अख्खं गाव ऐकायला, वही दोन दिवसांत भरेल असं त्यांना वाटलं.

वही काही भरेना. ज्याला त्याला अर्धीच झडती आठवायची. "ते विहिरीचं पाणी, पाण्याची घागर... अन् पुढं ते विमलच्या दुधावर होतं बापा, लय हासलो आम्ही. पण काय होतं?" विमलताईकडे जावं तर ती म्हणायची, "मले नाई याद. पण तो मोहिउद्दीनच्या वहाणेवरची इचार, ते भारी होती." आणि मोहिउद्दीनकडे जावं तर तो विमलताईच्या दुधाकडे बोट दाखवायचा.

मोहिउद्दीन दारव्ह्याचा नालबंद. दिवाळीनंतर बैलांना नाल ठोकायचा आणि पोळ्याआधी खुरं तासायला, शिंगं साळायला गावात यायचा. सत्तरी उलटली होती, तरी बैलाच्या पायात दोर अडकवून असा हिसका द्यायचा की पहाडासारखं जनावर अलगद आडवं. त्या दिवशी ढवळ्या आडवा पडला होता, डोमाजी त्याच्या मानेवर बसला होता, आणि मोहिउद्दीन खुराचे पातळ काप काढत होता. पायात त्याच्या सुतळीने बांधलेली वहाण होती.

"चाचा, तुमच्यावरची सांगा ना," अपेक्षा वही उघडून उकिडवी बसली.

"अरे बेटी, बुढा हो गया मैं. भूल गया." त्याने मान वर केली नाही. "सदाशिवभाऊ मले म्हणे, मोहिउद्दीन, तू बैलाले जोडे घालतं, मी गावाले घालतो. असा हासे... असा हासे..." बोलता बोलता त्याचा हात थांबला. डोळे पुसून तो एकदम डोमाजीवर खेकसला, "दबा के पकड ना, जमाईबाबू! पाय मारला त माहे दात जातीन."

"दात त उत्तमसिंगचेच पक्के," डोमाजी म्हणाला आणि सगळे हसले.

उत्तमसिंग म्हणजे तांड्यावरचा म्हातारा नाईक. सदाशिवरावाचा जन्माचा जोडीदार म्हणा की वैरी म्हणा. पोळ्यात दोघांचा सामना बघायला आजूबाजूच्या गावची माणसं यायची. सात-आठ वर्षांपूर्वी त्याचे दात पडायला लागले, तेव्हा हा माणूस यवतमाळला जाऊन चांगली अख्खी कवळी बसवून आला. धोतराला तीन ठिगळं आणि तोंडात बत्तीस चकचकीत दात! गावाला कोडं पडलं. म्हातारा ती कवळी चारचौघांत कधी काढत नसे. लोक म्हणायचे, झोपेत सुद्धा काढत नाही.

आणि ज्या एका झडतीसाठी इंदुताईचा जीव तुटत होता, ती या उत्तमसिंगवरची होती.

इंदू जन्मली त्या सालचा तो पोळा. जवान उत्तमसिंगाने तोरणाखाली सदाशिवरावाला डिवचलं होतं. ती झडती गावाला पाठ होती:

*मोटीले नाडा, नाड्याले पीळ,*
*सदूच्या घरी पोरगी, अन् वंशाले खीळ;*
*आज करून घे बाबू किती बी हाकाटी,*
*उद्या तुह्या जोडीमांगं धरन कोण काठी?*

सदाशिवरावाने उभ्या उभ्या उत्तर दिलं होतं. त्याच्या दोन ओळी लहान पोरंही म्हणायची:

*काठीले गाठ, गाठीले दोर,*
*माह्या घरी आली रे सव्वा लाखाची पोर!*

पण पुढच्या दोन ओळी? तिथे 'पोर' म्हणताच गावाने असा कल्ला केला होता, टोप्या अशा उडाल्या होत्या, की पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. समोर छातीला छाती लावून उभा होता तो एकटा उत्तमसिंग. इंदूने लहानपणापासून बापाला शंभरदा विचारलं. तो हसून म्हणायचा, "ते उत्तमसिंगाले इचार. त्याचा माल हाय तो." आता विचारायला बापही राहिला नव्हता.

पोळ्याच्या तीन दिवस आधी मायलेकी नाल्याकाठच्या शेतात गेल्या. उत्तमसिंग तुरीतलं गवत उपटत बसला होता. इंदुताईने वाकून नमस्कार केला.

"नाईककाका, बाबाच्या त्या झडतीच्या उरलेल्या दोन ओळी..."

"मले काही याद नाई."

"पण आबाजी म्हणत, तुमालेच..." अपेक्षाने वही पुढे केली.

"तो मेला!" म्हातारा एकदम उसळला. हातातला गवताचा पुंजका त्याने भिरकावला. "सांगून गेला का मले? बेचाळीस साल झाले... त्यानं काय काय नावं ठेवली मले त्या दोन ओळीपायी, तुले काय मालूम, पोट्टे! जा. घरी जा."

अपेक्षा घाबरून मागे सरली. इंदुताई वळली, चार पावलं गेली. मागून आवाज आला, "औंदा कोण म्हणून राह्यलं तुमच्या घरून?"

"मी," ती म्हणाली.

उत्तमसिंगाने तिच्याकडे टक लावून बघितलं. तोंडातल्या तोंडात कवळी कटकन वाजली. "हं," एवढंच म्हणून तो पुन्हा तुरीत बसला.

परतताना इंदुताई झपाझप चालत होती. राग आला होता आणि रडूही येत होतं. एवढं काय त्या दोन ओळींत, की माणसाने बेचाळीस वर्षं गिळून ठेवाव्या?

अपेक्षाने शेवटी स्वतःच एक झडती रचून दिली. बारावीची हुशार पोर, झडती छान होती, फक्त त्यात 'काळ्या आईची कूस' होती, 'आभाळाची माया' होती आणि 'घामाचे मोती' होते. डोमाजीने ऐकली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चांगली हाय. पंधरा ऑगस्टवानी वाटते." पण दुसरी नव्हती. इंदुताईने तीच घोकली. चुलीपुढे घोकली, निंदताना घोकली, विहिरीवर पाणी शेंदता शेंदता घोकली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. बैलांना नाल्यावर धुऊन आणलं. इंदुताईने लोणी आणि हळद कालवून त्यांचे खांदे चोळले. वर्षभर जू वाहून ढवळ्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता, तो बोटांना लागला. बापाच्या खांद्यावरही असाच घट्टा होता, न्हाऊ घालताना हाताला लागायचा. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं तिने दोन्ही बैलांच्या कानात सांगितलं. हे आवतण आजवर बाबा द्यायचा, आणि त्यासोबत उद्याची झडती आधी ढवळ्याच्या कानात म्हणायचा. अपेक्षा म्हणाली, "आई, याले सगळ्या पाठ असतीन." तेव्हा दोघी हसल्या आणि मग दोघीही ढवळ्याच्या मानेला धरून रडल्या. बैल शांत उभा होता, लोण्याला जीभ पुरते का ते बघत.

पोळ्याचा दिवस उजाडला तो कोरडा, लख्ख. घराघरांतून पुरणाचा वास. दुपारपर्यंत शिंगांना बेगड लागली, पाठीवर झुली चढल्या, गळ्यात घुंगरमाळा. डोमाजीने जीपला घालायची चमकी बांड्याच्या कपाळाला बांधली. डफडं वाजायला लागलं.

बावीस जोड्या तोरणाखाली लागल्या. तिसऱ्या जागी ढवळ्या-बांड्या. कासरा डोमाजीच्या हातात, आणि बापाची काठी इंदुताईच्या. आरतीचं ताट तिने अपेक्षाला दिलं होतं. माणसांत कुजबुज सुरू झाली. पहिल्या घराची झडती झाली, दुसऱ्याची झाली. पाटलाने तिच्याकडे बघितलं, खाकरला.

"इंदे, डोमाजीले म्हणू दे ना. रीतीत बाई नाई बसत."

"रीतीत बाई नको असं कोणतं शास्तर हाय?" बायकांतून विमलताई कडाडली. "बैल धुवाले बाई चालते, पुरण वाटाले बाई चालते! म्हण व तू, इंदू!"

हशा झाला. पाटलानेही हात हलवला, म्हण म्हणून. इंदुताई पुढे झाली. बाप उभा राहायचा नेमक्या त्याच जागी. समोर सारं गाव, वर तोरण, बाजूला ढवळ्याचा गरम श्वास.

"काळ्या आईची कूस," ती म्हणाली. आवाज बरा निघाला. "आभाळाची माया..."

आणि पुढचं गेलं. सगळं गेलं. डोक्यात नुसतं डफडं वाजत होतं. तिने ओठ हलवले. घशातून हवा निघाली, शब्द निघाला नाही. सारं गाव थांबलं होतं, गेल्या सालासारखंच.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "बापावानीच झालं हिचं!"

इंदुताईच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे लाळेने ओला झालेला सदरा आला. पाय मागे वळायला लागले. पाटलाने तोंड उघडलंच होतं, पुढली जोडी म्हणायला.

"कोण हासलं रे तो?" विमलताई बायकांची रांग मोडून पुढे आली. पदर खांद्यावरून घसरलेला, चेहरा तापलेला. "सदूभाऊ मुका होता का? आं? मले इचारा मुका होता का ते! माह्या जिवाले अजून झोंबते!" आणि कमरेवर हात ठेवून, सगळ्या गावापुढे तिने स्वतःवरचीच झडती खणखणीत म्हटली:

*विहिरीचं पाणी, पाण्याची घागर,*
*विमलच्या दुधात सापडला सागर;*
*म्हैस म्हणे, बाई, मी देल्लं शेरभर,*
*हे दुसरं शेर कोणाचं, सांग मले खरं!*

क्षणभर कोणाला कळेना काय झालं. मग जो हशा फुटला, की बैल दचकले. अपेक्षा ताट सावरत ओरडली, "आई! यांना तर अख्खी याद हाय!"

"याद नाई ठेवीन त काय करीन?" विमलताई डोळे पुसत म्हणाली. "दोन साल पाणी नाई टाकलं मी त्याच्यापायी."

"तो हमारी भी सुनो!" गर्दीतून मोहिउद्दीन हात वर करत आला. पायातली वहाण काढून त्याने उंच धरली, सुतळीसकट:

*ऐरणीवर लोखंड, लोखंडावर घाव,*
*मोहिउद्दीनचाचाले वळखते सारं गाव;*
*बैलाच्या पायाले चांदीवानी नाल,*
*अन् सोताच्या वहाणेचे सुतळीनं हाल!*

आता गाव आवरेना. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याची बकरी विहिरीत पडली होती तो म्हणाला. लग्नात रुसून बसलेला नवरदेव, आता नातवंडांचा आजा, तो म्हणाला. कोणी लाजत, कोणी छाती काढून. ज्याला जी लागली होती, त्याला ती काना-मात्रेसकट पाठ होती. आठ दिवस उंबरे झिजवून जी वही भरली नव्हती, ती तोरणाखाली माणसांच्या तोंडून भरत होती, आणि अपेक्षा ताट जमिनीवर ठेवून वेड्यासारखी लिहीत सुटली होती. इंदुताई काठी धरून उभी होती. तिला वाटलं, बाप गेलाच नाही. या माणसांत वाटून ठेवलाय, एकेकाला एकेक घास.

पाटील कसाबसा हसू आवरून म्हणाला, "हे सारं खरं. पण घरची झडती घरानं म्हणावं लागते. इंदे, तुही..."

तेवढ्यात चौथ्या जोडीमागून उत्तमसिंग पुढे आला. डफडं आपोआप थांबलं. म्हातारा इंदुताईसमोर येऊन उभा राहिला, बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या बापासमोर राहिला होता तसा. चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने सगळ्या गावाकडे एकदा बघितलं. मग दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली, धोतराला पुसली आणि बंडीच्या खिशात टाकली. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भिडली. कोणी हसलं नाही. आणि त्या बोळक्या तोंडाने, अर्धे शब्द हवेत सांडत, उत्तमसिंग म्हणाला:

*काठीले गाठ, गाठीले दोर,*
*माह्या घरी आली रे सव्वा लाखाची पोर;*
*म्हातारा होशीन उत्तमसिंगा, तोंडी राह्यन ना दात,*
*झडती म्हणन माही इंदू, तू देजो तिले साथ!*



"बोळका म्हणे सदू मले, सालोसाल," उत्तमसिंग म्हणाला. "दात होते तवा बी म्हणे. म्हणून कवळी बसवली. म्हणलं, सदूची झडती खरी होऊ देणार नाई. गेल्या साली त्याची वाचा गेली, तवा मी तोंड फिरवलं. पाहवलं नाई मले." त्याने इंदुताईकडे मान वर करून बघितलं. "आता देतो साथ. म्हण, बाई. जसं येईन तसं म्हण."

इंदुताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. जन्मली त्या वर्षी बापाने तिची जागा धरून ठेवली होती, वैऱ्याच्या तोंडात जपून ठेवली होती. आणि ती दहा पावलं चालायला एवढी भ्याली! तिने काठी जमिनीवर आपटली. कूस, माया, मोती, काहीच आठवायचं नव्हतं आता. आवाज पोटातून आला आणि कुठेही चिरकला नाही:

*कपाशीले पाती, पातीले बोंड,*
*बाबाची वही म्हंजे साऱ्या गावाचं तोंड;*
*काठी घेऊन उभी हाओ सदूची मी पोर,*
*दात राहू द्या खिशात, काका, लावा आता जोर!*

"एक नमन गौरा पार्वती," ती ओरडली.

"हर बोला!" बोळक्या तोंडाने उत्तमसिंग तिच्याहून मोठ्याने ओरडला.

"हर हर महादेव!" गावाने अशी आरोळी दिली की तोरणाची पानं हलली. टोप्या उडाल्या. मोहिउद्दीनची वहाण उडाली आणि ती पाटलाच्या डोक्यावर पडली. डोमाजी कासरा सोडून नाचायला लागला, आणि ढवळ्या-बांड्या धन्याची वाट न बघता निघाले ते तोरण शिंगावर घेऊनच. मानाच्या पहिल्या जोडीआधी तिसरी जोडी सुटली, असं सायगव्हाणात पहिल्यांदाच झालं आणि त्यावर पाटलाने रागवायचं ठरवलं, पण त्याला हसूच आवरेना.

संध्याकाळी बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली. उत्तमसिंगाला इंदुताईने हाताला धरून घरी आणलं आणि सदाशिवरावाच्या पाटावर बसवलं. त्याने दुधात पोळी कुस्करून खाल्ली. कवळी खिशातच होती. दूध विमलताईकडचं होतं, आणि ते बघून तो बराच वेळ मिशीत हसत होता.

जाताना तो दारात थांबला. बाहेर गोठ्यात ढवळ्या रवंथ करत होता.

"दात राहू द्या खिशात म्हणते," तो इंदुताईला म्हणाला. आवाजात आता जुनी खुन्नस आली होती, चाळीस वर्षांची. "साऱ्या गावापुढं! सोडीन का मी तुले? याचं उत्तर पुढल्या पोळ्याले देतो. तयारीत राह्यजो, सदूची पोर."

"मी तिथंच उभी हाओ, काका," इंदुताई म्हणाली. "तिसऱ्या जागी."